तिसऱ्या कोंबड्याचं ताट

१

आमच्याकडे कोंबडे दोन. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा घोळ याच आकड्याचा आहे.

सकाळी उठलो की मी चूल पेटवतो, किटली ठेवतो आणि मक्याचं टोपलं घेऊन अंगणात जातो. खुराड्याची फळी वर सरकवली की पहिला बाहेर येतो सार्जंट. तांबडा, जाडजूड, डावा पाय जरा ओढत चालणारा. हा आमचा जुना कोंबडा. त्याच्या मागून पाद्री. काळा कुळकुळीत आणि गळ्याला पांढरी पट्टी, म्हणून पाद्री. तो नेरीनाच्या घरून आलेला, जिच्याशी माझं लग्न ठरलं ती. मग कोंबड्या, सहा आमच्या आणि चार तिच्या. त्यांत बांडी माझी लाडकी. तिला शेपूट नाही, जन्मापासूनच नाही, आणि अंडी निळी देते.

सार्जंट खुराड्याच्या छपरावर चढून बांग देतो. पाद्री कुंपणावरून उत्तर देतो. दोघांचं झालं की मी मका टाकतो.

मे महिन्यातल्या एका सकाळी दोघांचं झालं, मी मुठीत मका घेतला, हात वर केला, आणि तिसरी बांग आली.

माझा हात तसाच वर राहिला. सार्जंट समोर छपरावर होता, चोच मिटलेली. पाद्री कुंपणावर होता, त्याचीही चोच मिटलेली. दोघेही घराकडे बघत होते. भिंतीकडे नाही, भिंतीच्या खाली. आमचं घर लाकडी खुंटांवर उभं आहे. पुढच्या बाजूला जमीन आणि फळ्या यांच्यात गुडघाभर जागा आहे, मागे उताराकडे कमरेएवढी. त्या जागेत दिवसाही उजेड जात नाही.

बांग मोठी नव्हती. सावकाश होती, दुसऱ्यांची ऐकून ऐकून पाठ केल्यासारखी. शेवटचा सूर जिथे खाली यायला हवा, तिथे तो जरा जास्त वेळ वरच राहिला.

“आई, घराखाली कुणाचा कोंबडा शिरलाय का गं?” मी खिडकीतून विचारलं.

“शिरला असेल तर शिरू दे,” आई आतून म्हणाली. “कांदा चिरलेलाच आहे.”

२

हे घर आधी इथे नव्हतं. समुद्राकाठी होतं. मोठी भरती आली की पाणी फळ्यांखाली येऊन चुळुकचुळुक वाजायचं. मला त्याचं काही वाटायचं नाही, मी तिथेच वाढलो. पण मी नेरीनाला लग्नाचं विचारलं (विचारलं म्हणजे काय, तिनेच माझ्याकडून वदवून घेतलं) तेव्हा ती म्हणाली, “तुझ्याशी करते. पण माशांच्या डोक्यावर झोपणार नाही. घर वर रस्त्याला आण.”

आमच्या बेटावर घर हलवायचं म्हणजे मिंगा. माणसं येतात, बैल येतात, घराखाली ओंडके घालतात आणि अख्खं घर दोरांनी ओढून नेतात. मजुरी कुणी घेत नाही. मालकाने सगळ्यांना पोटभर जेवायला घालायचं, आणि त्यांच्यापैकी कुणाला गरज पडली की आपण जायचं. मात्र मालकाने स्वतः दारोदार जाऊन विनवावं लागतं, उभं राहून, टोपी हातात घेऊन, ठरलेल्या शब्दांत. निरोप पाठवून चालत नाही. आणि विनवलं की कुणी नाही म्हणत नाही.

माझं घोडं इथेच अडलं. मी लाजरा. दुकानात मीठ मागायचं तरी माझे कान लाल होतात. चाळीस दारांत उभं राहून बोलायचं या विचाराने मला दोन दिवस जेवण गेलं नाही. शेवटी मी पाठांतर करायचं ठरवलं. पण कुठे? घरात आई हसली असती. काठावर कोळी असायचे. कोंबड्या तेव्हा घराखाली अंडी घालायच्या, त्यामुळे मला रोज तिथे रांगत जावंच लागायचं. तिथे मला कुणी बघत नव्हतं. सार्जंट तेवढा खुंटाशी बसलेला असायचा.

तीन दिवस मी त्या अंधारात पोटावर पडून, टोपी छातीशी धरून, मोठ्याने म्हणत होतो:

“माझं घर न्यायचंय. म-मदतीला याल का? एक दिवस माझ्यासाठी ओढा. जेवण माझ्याकडे. आणि तुमचं घर हलेल त्या दिवशी मी तुमच्याकडे.”

‘मदतीला’वर दर वेळी अडकायचो. सार्जंट मान वाकडी करून ऐकायचा. तिसऱ्या दिवशी तो माझ्याकडे बघतच नव्हता. माझ्यामागे, आतल्या कोपऱ्याकडे बघत होता. तिथे शेवाळ आणि ओला वास याशिवाय काही नव्हतं. निदान मला दिसलं नाही.

३

मिंगा फेब्रुवारीत झाली, स्वच्छ ऊन होतं. आदल्या दिवशी आईने काचेची भांडी, आरसा आणि वडिलांचा फोटो बाहेर काढून गवतावर गोधडीत गुंडाळून ठेवला. घर ओढायचं तर आधी फुटणारं सामान उतरवायचं, हे इथे पोराबाळांनाही ठाऊक असतं. कोंबड्या टोपल्यांखाली झाकल्या.

बैलांच्या पुढे नेरीनाचे वडील होते, एरिबेर्तोकाका. सहा जोड्या त्यांच्या हुकमाने चालत होत्या. शेतातून घर डुलत डुलत निघालं, खिडक्यांचे पडदे तसेच. सफरचंदाच्या झाडापाशी चढ लागतो. तिथे घरं हमखास अडतात. आमचंही अडलं. बैल गुडघ्यांवर आले, दोर ताणून गुंऽऽ वाजायला लागले.

आणि मग दोर सैल पडले.

तुटले नाहीत. घरच पुढे आलं. चढावर, आपणहून, बैलांच्या इतकं जवळ की काकांना बैल पळवावे लागले.

“अरे मागून कोण ढकलतंय?” ते ओरडले. “मागे कुणी उभं राहू नका म्हटलं ना! घर उलटं फिरलं तर चपाती होईल!”

मागे कुणी नव्हतं. मी स्वतः जाऊन पाहिलं. चुरगळलेलं गवत होतं, आणि ते ओलं होतं. आमचा एक सुटा दोर घराखाली गेलेला होता; मला वाटलं, अडकला असेल.

“लग्नाची घाई झालीय घराला,” कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मीही हसलो. जमिनीतल्या खड्ड्यात तापल्या दगडांवर शिंपले, डुकराचं मांस, बटाटे शिजत होते. मी एकेकाला स्वतः ताट नेऊन दिलं. कुणी उपाशी राहिलं नाही, याची मी दोनदा खात्री केली.

एकच गंमत झाली. कोंबड्यांना नवं घर पटेना. कोंबडीला सवय घराची नसते, जागेची असते. आठवडाभर रोज दिवस कलला की सगळ्याजणी रांगेने समुद्राकडे चालू लागायच्या आणि जुन्या जागी उरलेल्या खुंटांवर जाऊन बसायच्या. मी त्यांना पोत्यात घालून वर आणायचो. हळूहळू त्या रमल्या.

४

एप्रिलमध्ये एरिबेर्तोकाका ओढा ओलांडून आले. एका हातात पाद्री उलटा धरलेला, मागे नेरीना चार कोंबड्यांची टोपली घेऊन.

“हे बघ एलादियो,” ते म्हणाले, “पोरगी येईल तेव्हा तिची कोंबडीही येतील. ती आधीच आणलीत. एका अंगणात दोन कोंबडे नांदवून दाखव. जूनमधल्या सान हुआनच्या सणापर्यंत दोघे जिवंत आणि धड राहिले, तर त्याच दिवशी लग्न. नाही राहिले, तर पुढच्या वर्षी बघू.”

“काका, पण...”

“ज्याला दोन कोंबडे सांभाळता येत नाहीत, तो हिच्या तोंडाला काय पुरा पडणार?”

“बाबा, माझं तोंड मध्ये आणू नका,” नेरीना म्हणाली.

ते थट्टेने बोलले खरे, पण त्यांनी एकदा म्हटलं की ते ओंडक्यासारखं तिथेच पडून राहतं. नेरीना मला लालो म्हणते. जाताना ती हळूच म्हणाली, “लालो, पुढचं वर्ष फार लांब आहे रे.” तेवढं मला पुरलं.

मी सगळं केलं. मका दोन ठिकाणी टाकला. पाण्याची दोन भांडी ठेवली. मध्ये फळ्या उभ्या केल्या, म्हणजे सतत एकमेकांच्या नजरेला पडायला नकोत. कोबीचा गड्डा टांगला, की त्याला टोचण्यात वेळ जावा. तरी रोज युद्ध. पाद्रीच्या तुऱ्याचं एक टोक गेलं. सार्जंटच्या छातीत नखी घुसली. कोंबड्यांच्या पाठीवरची पिसं उडाली. बिचाऱ्या दोघांच्याही तावडीत सापडायच्या. मी जखमांना चरबी लावत बसायचो आणि आई दारातून म्हणायची, “एकाचा रस्सा कर, म्हणजे मिटलं. कुणाचा ते तू ठरव. मी कांदा चिरते.”

मे उजाडला तेव्हा माझी आशा सुटत आली होती.

मग ती तिसरी बांग आली, आणि त्या दिवसापासून दोघे भांडले नाहीत. एकदाही नाही. शेजारी शेजारी दाणे टिपू लागले. ज्यांना पंचवीस वर्षं कोंबडीपालनाचा अनुभव आहे ते सांगतील, दोन कोंबडे असे एकाएकी गप्प बसतात ते एकाच कारणाने. त्यांच्या वरचा तिसरा आलेला असतो.

५

मी स्वतःची समजूत घालायला लागलो. खुंट नवे आहेत, लाकूड बसताना आवाज करतं. चढावरून वारा येतो, फळ्यांखाली घुमतो. सार्जंटची बांग घराला आपटून परत येत असेल. शाळा मी सहावीत सोडली, पण प्रतिध्वनी मला माहीत आहे.

प्रतिध्वनी कोंबड्यांना दाणा खायला बोलवत नाही.

कोंबड्याला काही चांगलं सापडलं की तो स्वतः खात नाही, आधी ‘कुक कुक कुक’ करून माद्यांना बोलावतो. दाणा उचलून दाखवतो, परत ठेवतो. घराखालून तो आवाज येऊ लागला, रोज दुपारी, जेवणाच्या सुमाराला. दहाच्या दहा कोंबड्या पंख पसरून धावत आत जायच्या. तासाभराने बाहेर यायच्या तेव्हा त्यांच्या गळ्याच्या पिशव्या टम्म भरलेल्या. मी वाकून आत पाहायचो. अंधार, खुंट, माती.

एका रविवारी आई देवळात गेली तेव्हा मी दोघा कोंबड्यांना स्वयंपाकघरात आणून दोन टोपल्यांखाली झाकलं, आणि खुर्ची घेऊन बसलो. किटली सुं सुं करत होती. खिडकीत ऊन होतं. मला स्वतःचं हसू येत होतं.

कुक कुक कुक.

माझ्या पायांखाली. बरोबर तळव्यांखाली, फळीच्या पलीकडे.

मी खुर्ची चुलीकडे सरकवली. आवाज चुलीकडे सरकला. मी खिडकीपाशी गेलो. तो आला. मी पाय उचलून खुर्चीवर मांडी घातली, तेव्हा तो थांबला, आणि फळीला खालून काहीतरी अलगद टेकलं. जड होतं. फळी केसाएवढी वर आली आणि परत बसली. दोन्ही टोपल्यांखाली कोंबडे इतके गप्प होते की मला वाटलं गुदमरले.

दुसऱ्या दिवशी मी सार्जंटवर नजर ठेवली. मी टाकलेल्या मक्यातला सगळ्यात मोठा दाणा त्याने निवडला. घराच्या कडेपाशी नेऊन ठेवला. मान खाली घातली आणि उलट्या पावली मागे आला. मग पाद्रीने तेच केलं.

अंडी मात्र कधी नव्हती एवढी येत होती. बांडीची निळी अंडी दोन दोन बलकांची. कोंबड्यांच्या पाठी भरून आल्या, पिसं चमकायला लागली. आई खूश होती. एरिबेर्तोकाका ओढ्यापलीकडून दोन्ही कोंबड्यांना शेजारी बसलेलं पाहायचे आणि टोपी डोक्यावर मागे सरकवून खाजवायचे.

मी जिंकत होतो. आणि कशाच्या जोरावर, हे नेरीनाला सांगत नव्हतो. ती ज्या घरात येणार, त्याच घराखालची ही गोष्ट.

६

गुरुवारी ती कोंबड्यांना बघायला आली. मी तिला कुंपणापाशी उभं करून सगळं सांगितलं. सांगायला फार वेळ लागला. मध्येच माझे कान पेटले. तिने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही, आणि हे तिच्या बाबतीत काळजीचं लक्षण आहे.

“घालवून देऊ त्याला, पण कसं ते कळत नाही,” मी म्हणालो. “आणि गेला तर हे दोघे पुन्हा भांडतील. मग तुझे बाबा...”

“बाबांचं सोड. सांगितलंस ते बरं केलंस. लग्नानंतर कळलं असतं तर मी तुलाच खाली झोपायला पाठवलं असतं.” ती घराच्या कडेला ठेवलेल्या दाण्यांकडे बघत होती. “लालो, मिंगाच्या दिवशी जेवायचं कोण राहिलं?”

“कुणी नाही. प्रत्येकाला मी हाताने ताट दिलं.”

“ज्यांना ज्यांना विनवलंस, त्या सगळ्यांना?”

“सगळ्यांना. चाळीस घरं...”

मी थांबलो. तिने माझं तोंड बघितलं.

“कुणाला विसरलास?”

तेव्हा मला ते पाठांतर सांगावं लागलं. घराखाली पोटावर पडून, टोपी छातीशी धरून. ती पहिल्यांदा हसली. इतकी हसली की कुंपण धरून खाली बसली, डोळ्यांतून पाणी. “कोंबड्याला विनवत होतास! टोपी काढून!” पाद्री दचकून बाजूला झाला. मग तिचं हसू हळूहळू उतरलं.

“काय म्हणालास? शब्द सांग.”

मी सांगितले.

“शेवटचंही म्हणालास? ‘तुमचं घर हलेल त्या दिवशी मी तुमच्याकडे’?”

“पूर्ण पाठ करत होतो ना.”

ती उठून उभी राहिली. सफरचंदाच्या झाडाकडे, त्या चढाकडे बघत होती. दोर सैल पडले तेव्हा तीही तिथेच होती.

“म्हणजे तू बोलावलंस,” ती म्हणाली, “आणि तो आला. ओढलंही. आणि तीन महिने तो कोंबड्यांच्या तोंडचे दाणे खातोय.” तिने पदर झटकावा तसा एप्रन झटकला. “शरम वाटायला हवी आपल्याला. चल, ताट वाढू.”

७

ताट पुरं वाढलं, मिंगाच्या दिवशी वाढतात तसं. उकडलेले बटाटे, धुरावलेले शिंपले, मांसाचा तुकडा, बटाट्याची जाड भाकरी, वर चरबीत तळलेले कुरकुरीत तुकडे. एक पेला सफरचंदाची दारू. आईने विचारलं कुणासाठी, तर नेरीना म्हणाली, “मिंगाला आलेला एकजण राहून गेला होता.” आईने लगेच आणखी एक बटाटा घातला. उपाशी राहिलेल्या पाहुण्याबद्दल आमच्याकडे कुणी जास्त प्रश्न विचारत नाही.

दुपारची वेळ होती, लख्ख ऊन. उताराच्या बाजूने, जिथे कमरेएवढी जागा आहे, तिथून मी ताट पुढे सरकवत आत गेलो. नेरीना माझ्या घोट्याला धरून बाहेर बसली होती.

“काय दिसतंय?”

“कोंबड्या.”

दहाही तिथे होत्या. अर्धगोल करून बसल्या होत्या, माझ्याकडे पाठ, जशा थंडीत एखाद्या उबदार गोष्टीला टेकून बसतात. सार्जंट आणि पाद्री दोन टोकांना. कुणी हललं नाही. ओला वास आला, जुन्या जागेचा, शेवाळाचा. इथे समुद्र नाही. मग मी टोपी काढली, कारण हाताला दुसरं काही सुचलं नाही, आणि म्हणालो:

“उशीर झाला. म-माफ करा. जेवून घ्या.”

ताट मी पुढे ढकललं. फळ्यांच्या फटीतून उन्हाची एक बारीक रेघ खाली येत होती. कोंबड्यांच्या पलीकडे काहीतरी जरा पुढे झुकलं, आणि ती रेघ त्याच्यावर पडली.

खांदा होता. एवढंच मी सांगू शकतो. घडी घालून बसलेल्या कुणाचा तरी मोठा खांदा, पिसांनी भरलेला, आणि त्यावरून तिरपा एक पट्टा, जिथली पिसं घासून गेली होती आणि कातडी सोलून पुन्हा बरी होत आली होती. तो वळ कशाचा ते मला माहीत आहे. मिंगानंतर तसाच एक माझ्या खांद्यावर महिनाभर होता. दोराचा.

ताट माझ्या हातातून हलकेच काढून घेतलं गेलं.

बाहेर आलो तेव्हा नेरीनाने विचारलं, “जेवला?”

“जेवतोय.”

“मीठ बरोबर होतं का?” ती म्हणाली, आणि मग आम्ही दोघेही गवतावर पडून पोट दुखेपर्यंत हसलो. कशाला हसलो ते विचारू नका. ताट तासाभराने कडेला आलं होतं. चाटूनपुसून स्वच्छ, आणि त्यात एक निळं अंडं.

८

सान हुआनच्या सकाळी एरिबेर्तोकाका नवा कोट घालून आले आणि आधी कोंबडे तपासायला बसले. पंख उचलून पाहिले, पाय पाहिले, तुरे पाहिले.

“हरलो,” ते म्हणाले. “धडधाकट आहेत दोघे. कसं जमवलंस रे?”

“त्यांना धाक लागतो, बाबा,” नेरीना म्हणाली.

“कुणाचा?”

“माझा.”

तेवढ्यात फळ्यांखालून बांग आली. आता ती जवळजवळ बरोबर येते, शेवटचा सूरही खाली उतरतो. काकांनी भुवया वर केल्या.

“तिसराही आहे?”

“आहे एक,” मी म्हणालो. “बाहेर येत नाही.”

“जावयासारखाच लाजरा,” काका म्हणाले, आणि त्यावर सगळं लग्न हसलं.

तेव्हापासून आमचं छान चाललं आहे. दर रविवारी ताट जातं, ताट येतं. नेरीना फळीवर टाच आपटून विचारते, “बटाटे आणखी?” आणि खालून एकदा ‘कुक’ आलं की नको, दोनदा आलं की हवेत. आईलाही सवय झाली. कांद्याची गोष्ट ती आता काढत नाही.

काल रविवार होता. जेवणं झाली होती. नेरीना परातीत किसलेला बटाटा पिळत होती, आई आतल्या खोलीत पाय पसरून बसली होती, मी चमचे पुसत होतो. ताट अजून कडेला आलं नव्हतं.

“माझं घर न्यायचंय,” आवाज आला. “म-मदतीला याल का? एक दिवस माझ्यासाठी ओढा. जेवण माझ्याकडे.”

“काय म्हणालास रे पोरा?” आई आतून म्हणाली.

मी काहीच म्हणालो नव्हतो. आवाज माझा होता. अडकला होता तोही माझ्याच जागी अडकला होता. पण तो फळ्यांखालून आला होता.

नेरीनाचे हात परातीत थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. विनवलं की नाही म्हणत नाहीत, हे तिला मी सांगायची गरज नव्हती आणि मला तिने. तिने हात पुसले.

“कोणत्या दिवशी?” तिने खाली बघून, मोठ्याने, शेजाऱ्याला विचारावं तसं विचारलं.

“मंगळवारी.”

“येतो,” मी म्हणालो. आणि मला जरा बरंही वाटलं. दिलेला शब्द अंगावर राहिला की मला झोप येत नाही.

आज सोमवार. मी दोर भिजत घातलाय. एरिबेर्तोकाका दोन जोड्या द्यायला तयार आहेत. कुणाकडे मिंगा आहे असं त्यांनी विचारलं, मी म्हणालो शेजाऱ्याकडे. खोटं नाही ते. फक्त घाईत आणि लाजेत एक राहून गेलं. घर कुठलं आणि न्यायचं कुठे, हे मी विचारलंच नाही.

मघाशी मका टाकायला गेलो. फळी सरकवली. सार्जंट बाहेर आला, पाद्री आला, पण कुणीच बांग दिली नाही. दोघे अंगण ओलांडून गेले. मागून बांडी, मागून सगळ्या. मक्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. सफरचंदाच्या झाडाजवळून, चढ उतरून, एकामागे एक, समुद्राकाठच्या जुन्या जागेकडे निघाल्या.

नेरीना दारात माझ्याजवळ येऊन उभी राहिली. तीही बघत होती. शेवटची कोंबडी उताराआड गेली तेव्हा तिने माझ्या खांद्यावर हनुवटी टेकली.

“लालो,” ती म्हणाली, “मी काचेची भांडी बाहेर काढून ठेवते.”